विहीणबाईंच्या भिंतीवरची एलिझाबेथ: वसाहतकालीन अमेरिकेतली लग्नं आणि नाती कशी शोधावीत

माझ्या विहीणबाईंच्या मॅसॅच्युसेट्समधल्या घरी, दिवाणखान्यात, एक वंशवृक्ष फ्रेम करून लावलेला आहे. पैसे घेऊन वंशावळी करून देणाऱ्या कुणाकडून तरी त्यांच्या सासऱ्यांनी तो करून घेतला होता. अगदी बुंध्याशी जॉन हाऊलंड, आणि शेजारी त्याची बायको: ‘एलिझाबेथ, गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची कन्या’.

माझं उभं आयुष्य दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखतं, बक्षीसपत्रं आणि हक्कसोडपत्रं वाचण्यात गेलं. कागदाशिवाय नातं मानायचं नाही, ही सवय काही सुटत नाही. चहाचा कप हातात धरूनच मी विचारलं, “हे कुठल्या कागदावर आहे?” विहीणबाई म्हणाल्या, “त्यांच्या थडग्यावरच्या दगडावर होतं म्हणे.”

ते खरंच होतं. प्लिमथ ही मॅसॅच्युसेट्समधली जुनी इंग्रजी वसाहत. तिथल्या बरिअल हिल या दफनभूमीत १८३६ मध्ये, म्हणजे हाऊलंड वारल्यावर एकशे साठ वर्षांनी, वंशजांनी दगड बसवला आणि त्याची बायको कार्व्हरची मुलगी असल्याचं त्यावर कोरलं. तर्क सरळ होता. हाऊलंड १६२० मध्ये, प्लिमथचे पहिले वसाहतकरी घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजातून आला तो कार्व्हरच्या घरचा नोकर म्हणून. कार्व्हर आणि त्याची बायको १६२१ मध्ये थोड्याच आठवड्यांच्या अंतराने गेले. पुढे हाऊलंड वसाहतीतला मानाचा माणूस झाला. तेव्हा धन्याचीच लेक केली असणार, असं सगळे धरून चालले.

मग १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात एक हस्तलिखित सापडलं. कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डच्या हातची वसाहतीची हकिकत, बॉस्टनहून कधीतरी नाहीशी झालेली. पुढच्याच वर्षी ती छापून निघाली. तिच्या अखेरीस ब्रॅडफर्डने, जहाज लागल्यावर तीसेक वर्षांनी, जहाजावरच्या एकेका कुटुंबाचं पुढे काय झालं ते मांडलंय. हाऊलंडबद्दल तो सांगतो की त्याने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ केली, दोघं हयात आहेत, दहा मुलं आहेत आणि सगळी जिवंत आहेत, थोरल्या मुलीला चार मुलं, दुसरीला एक. म्हणून या दोघांपासून पंधरा जण झाले, अशी बेरीजही मारून ठेवलीय. एवढ्या मजकुराने दगड खोटा पडला. विहीणबाईंच्या भिंतीवरचा वृक्ष त्यानंतर शंभर वर्षांनी तयार झाला, तरी त्यावर कार्व्हरच.

आता आपल्यातल्या कितीतरी घरांत तिकडची सून किंवा जावई आहे, आणि नातवंडांच्या शाळेत ‘तुमचा वंशवृक्ष काढा’ असा प्रकल्प येतोच. अर्धा वृक्ष कोकणात जातो आणि अर्धा न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि त्याच्या आसपासच्या राज्यांत. त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी मी काय काय केलं ते इथे लिहिते. उदाहरण हाऊलंड-टिली यांचंच घेते, कारण त्यात सगळ्या प्रकारचे कागद आणि सगळ्या प्रकारचे खड्डे आहेत.

आधी दावा तपासा, माणूस नंतर

कोरी वही घ्या आणि घरात जे सांगितलं जातं ते एकेक वाक्य सुटं करून लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: हे कोणी म्हटलं, घटनेनंतर किती वर्षांनी म्हटलं, आणि त्याला ते कळण्याचं कारण काय. दगड हा कागदापेक्षा टणक असतो, पण म्हणून खरा असतो असं नाही. ब्रॅडफर्ड हाऊलंडच्याच गावात राहत होता, दोघांना रोज पाहत होता. दगड कोरणाऱ्याने दोघांपैकी कुणालाही पाहिलेलं नव्हतं.

दुसरं, वरून खाली येऊ नका. मेफ्लॉवरच्या प्रवाशापासून सुरुवात करून स्वतःपर्यंत उतरायचा मोह सगळ्यांना होतो, आणि सगळे मधल्या कुठल्यातरी दुसऱ्याच जॉनवर जाऊन अडकतात. हयात माणसापासून एकेक पिढी मागे चला. १८९७ मध्ये स्थापन झालेली मेफ्लॉवर वंशजांची जनरल सोसायटी सभासदत्व देताना प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न आणि मृत्यू यांचा पुरावा मागते. सोसायटीने पहिल्या पाच पिढ्यांचे खंड छापलेत, त्यामुळे तिथवर पोचलात की पुढचं बरंचसं काम दुसऱ्यांनी केलेलं सापडतं. खरी खिंड त्यानंतरच्या पिढ्यांत असते, माणसं पश्चिमेकडे सरकू लागतात तिथे.

पंचांग बदला

हा भाग टाळलात तर पुढचं सगळं चुकेल. हाऊलंडचं मृत्युपत्र २९ मे १६७२ चं आहे. प्लिमथच्या दप्तरात त्याचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२ असा लिहिलेला आहे. म्हणजे मेल्यावर तीन महिन्यांनी त्याने मृत्युपत्र केलं? आमच्या कार्यालयात असा दस्त आला असता तर साहेबांनी थेट पोलिसांनाच बोलावलं असतं.

त्या काळच्या इंग्रजी मुलखात वर्ष २५ मार्चला बदलत असे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस जुन्याच वर्षात धरत. म्हणून तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६७३ चा. अशी तारीख नेहमी ‘२३ फेब्रुवारी १६७२/७३’ अशी दुहेरी लिहावी. महिने आकड्यांनी लिहिलेले असतील तर आणखी जपून, कारण तिथे पहिला महिना म्हणजे मार्च आणि बारावा म्हणजे फेब्रुवारी. हा घोळ १७५२ मध्ये संपला, त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. लग्नानंतर चार महिन्यांत मूल किंवा लग्नाआधीच मूल, असं काही दिसलं तर चारित्र्यावर शंका घेण्याआधी पंचांगावर घ्या.

नात्याचे शब्द तेच, नाती वेगळी

इंग्रजीत मामा, काका, आत्या, मावशी यांच्यासाठी मिळून दोनच शब्द, हे आपल्याला माहीत आहे. सतराव्या शतकात गोंधळ त्याहून मोठा होता. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सासू असेल, नाहीतर सावत्र आई. ‘सन-इन-लॉ’ जावई असेल, नाहीतर बायकोला आधीच्या नवऱ्यापासून झालेला मुलगा. ‘कझिन’ बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा निघतो. ‘ब्रदर’ सख्खा भाऊ असेल, मेव्हणा असेल, किंवा नुसता एकाच चर्चमधला बांधव. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही, गावात त्याच नावाचा दुसरा, वयाने धाकटा माणूस एवढाच त्याचा अर्थ. ‘मिसेस’ हा मानाचा शब्द होता, बड्या घरच्या कुमारिकेलाही लावत.

आणि एक खास सापळा. मृत्युपत्रात ‘माय नाऊ वाइफ’ दिसलं की लोक लगेच पहिली बायको शोधायला निघतात. वकिली भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की मी मरेन तेव्हा जी कोणी बायको असेल ती नव्हे, आज आहे तीच. त्यावरून आधीचं लग्न सिद्ध होत नाही.

लग्नाची नोंद शोधू नका. लग्नाचा परिणाम शोधा

प्लिमथच्या लोकांच्या मते लग्न हा धार्मिक संस्कार नव्हे, तो दिवाणी व्यवहार. तिथलं पहिलं लग्न १२ मे १६२१ रोजी एडवर्ड विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांचं झालं, तेही पाद्र्यापुढे नाही, मॅजिस्ट्रेटपुढे. त्यांच्यातले बरेच जण आधी हॉलंडमध्ये राहिले होते, ही रीत त्यांनी तिथे पाहिली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये पाद्र्यांना लग्न लावण्याचा कायदेशीर अधिकार १६९२ च्या कायद्याने मिळाला. त्यामुळे पहिल्या दोन पिढ्यांची लग्नं चर्चच्या वहीत शोधणं फुकट. ती गावाच्या कारकुनाच्या वहीत असायला हवीत. पण शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत अशा नोंदींचा हुकूम १६३९ चा, प्लिमथमध्ये १६४६ चा, आणि हुकूम निघाला म्हणजे पाळला गेला असं कुठल्या सरकारी कचेरीत काम केलेला माणूस म्हणणार नाही.

जे उरलंय ते छापलेलं मिळतं. बहुतेक गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूंचे छापील खंड आहेत. ते अक्षरानुक्रमे लावलेले असल्याने शोध सोपा जातो, पण मूळ वहीत एका कुटुंबाची मुलं एकाखाली एक लिहिलेली असतात, ती रचना मात्र मोडते. म्हणून छापील नोंद सापडली की मूळ पानाचं छायाचित्र पाहा. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर पुष्कळ मूळ वह्या आहेत. क्लॅरेन्स टॉरी यांनी न्यू इंग्लंडमधल्या १७०० पूर्वीच्या सुमारे ३७,००० जोडप्यांची सूची केली होती, ती बॉस्टनच्या वंशावळ सोसायटीकडून उपलब्ध आहे. सुरुवातीला उत्तम, पण ती सूची आहे, पुरावा नव्हे. तिथे प्रश्नचिन्ह असेल तर तेही उतरवून घ्या. नकलाकार पहिल्यांदा प्रश्नचिन्हच गाळतात.

हाऊलंड आणि एलिझाबेथच्या लग्नाची नोंद कुठेही नाही. आपल्याकडेही आजीच्या लग्नाचा दाखला कुणाकडे असतो? पण जमिनीच्या फेरफारात वारस म्हणून आजीचं नाव लागतं, आणि लग्न सिद्ध होतं. इथेही तसंच. मिळकत, मुलं आणि भांडण या तीन ठिकाणी लग्नाची खूण उमटते.

मृत्युपत्र: ओळीओळीने

हाऊलंडने मृत्युपत्रात मुलग्यांना जमिनी दिल्या आणि मुलींना प्रत्येकी २० शिलिंग. आपल्याला राग येईल, पण संशोधकाला ही सोन्याची खाण आहे, कारण प्रत्येक मुलगी सासरच्या आडनावानिशी येते: डिझायर गोरम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकिन्सन, लिडिया ब्राऊन, हॅना बॉझवर्थ, रूथ कुशमन. सहा मुली, सहा जावयांची घराणी. आडनावं कानावर पडली तशी लिहिलेली आहेत, संगणकाला आजचं स्पेलिंग दिलंत तर तो ‘काही सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो. उच्चाराप्रमाणे चार-पाच रूपं करून शोधा.

आता एलिझाबेथ डिकिन्सनवर बोट ठेवा. केवळ मृत्युपत्रावर विसंबलात तर तिचं एकच लग्न दिसेल. गावच्या वहीत मात्र १३ सप्टेंबर १६४९ ला तिचं लग्न एफ्राइम हिक्सशी झाल्याचं आहे. हिक्स त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारला. तीन महिन्यांचा संसार. जुलै १६५१ मध्ये तिने डिकिन्सनशी लग्न केलं. बापाने मृत्युपत्र केलं तोवर हिक्सला जाऊन बावीस वर्षं झालेली, त्याचं नाव कोण कशाला घेईल? मृत्युपत्रातलं मुलीचं आडनाव हे तिच्या शेवटच्या लग्नाचं असतं, एकुलत्या लग्नाचं असेलच असं नाही.

उलट बाजूनेही बघा. मृत्युपत्रात एखादं मूल नाही म्हणून ते नव्हतंच असं धरू नका. थोरल्याला लग्नातच वाटा देऊन टाकलेला असतो, आपल्याकडे ‘याला आधीच दिलंय’ म्हणतात तसा. मृत्युपत्रात सगळी मुलं त्याच बायकोची, असंही धरू नका. बाप मुलांची नावं घेतो, आई कोण ते सांगत नाही.

मृत्युपत्र नसेल तर मिळकतीची यादी, वाटणीचा हुकूम आणि अज्ञान मुलांच्या पालकाची नेमणूक हे कागद पाहा. विधवेला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याचा तहहयात हक्क असे, म्हणून जमीन विकताना बायकोची संमती खतावर घेत. एका खतावर बायको ‘मेरी’ आणि चार वर्षांनंतरच्या खतावर ‘हॅना’, तर मधल्या चार वर्षांत एक मरण आणि एक लग्न दडलेलं आहे. आणि भावाबहिणींनी मिळून बापाची जमीन विकल्याचं खत सापडलं, तर त्या दिवशी पेढे वाटा. त्यात जावयांची नावं नवरा म्हणून येतात.

एलिझाबेथचंही मृत्युपत्र आहे, १७ डिसेंबर १६८६ चं. नवऱ्यामागे ती स्वॉन्झीला, मुलगी लिडिया ब्राऊनकडे राहायला गेली होती. गंमत अशी की तिचं थडगं आज र्‍होड आयलंडमध्ये, ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या लिटल नेक दफनभूमीत आहे. तिची जागा हलली नाही, हद्द हलली. प्लिमथ वसाहतीत १६८५ मध्ये प्लिमथ, बार्नस्टेबल आणि ब्रिस्टल असे तीन परगणे झाले, १६९१ च्या सनदेने वसाहतच मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली, आणि राज्यांच्या सीमा तर पुढेही बदलत राहिल्या. तेव्हा आजचा नकाशा बाजूला ठेवा. घटनेच्या वर्षी तो गाव कुणाच्या अंमलाखाली होता ते आधी ठरवा, मग त्या कचेरीचं दप्तर उघडा.

रॅगहॉर्न नावाची कालवड

लग्नाची तारीख नसेल तर दोन खुंट्या ठोकायच्या: याच्या आधी नाही, याच्या नंतर नाही.

२२ मे १६२७ रोजी प्लिमथमध्ये गुरांची वाटणी झाली. वसाहतीतल्या सगळ्यांचे, तान्ह्या मुलांसकट, तेरा-तेरा जणांचे बारा गट केले आणि गटागटाला गुरं वाटली. चौथा गट जॉन हाऊलंडचा. यादीत तो, मग ‘त्याची बायको एलिझाबेथ हाऊलंड’, मग जॉन धाकटा, मग डिझायर. पुढे जॉन आणि प्रिसिला ऑल्डनचं कुटुंब. या गटाच्या वाट्याला जेकब जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी एक आली. तिचं नाव रॅगहॉर्न. एलिझाबेथच्या लग्नाची तारीख कुणी लिहिली नाही, कालवडीचं नाव मात्र लिहून ठेवलं.

पण त्या कालवडीपायी आपल्याला पक्की खुंटी मिळाली. मे १६२७ मध्ये दोन मुलं आहेत. अंगावर पाजण्यामुळे त्या काळी दोन मुलांत साधारण दोन वर्षांचं अंतर पडे. म्हणजे लग्न १६२५ च्या पुढे नेता येत नाही. दुसऱ्या टोकाला एलिझाबेथचं वय. ती १६०७ ची. १६२१ मध्ये तेरा वर्षांची पोर होती. म्हणून जाणकार ‘१६२४ च्या सुमारास’ म्हणतात. हे अंतराचं गणित इतरत्रही कामी येतं: मुलांच्या रांगेत अचानक पाच वर्षांची पोकळी दिसली, तर मधे एक मूल गेलं असेल किंवा आई बदलली असेल.

कोर्टाची वही

प्लिमथ वसाहतीचं कोर्टाचं दप्तर एकोणिसाव्या शतकात बारा खंडांत छापलं गेलं आणि आज ते स्कॅन केलेलं मोफत वाचता येतं. वाचायला घ्याल तर जेवण विसराल. मुलीच्या आईबापांच्या परवानगीशिवाय तिच्याशी लग्नाची बोलणी लावणं हा तिथे गुन्हा होता. जॉन हाऊलंडचा पुतण्या आर्थर हाऊलंड याने खुद्द गव्हर्नर थॉमस प्रेन्सच्या मुलीशी, एलिझाबेथशी, सूत जमवलं. हाऊलंडांची ती पाती क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाकडे झुकलेली, आणि प्रेन्सला क्वेकरांचा तिटकारा. आर्थरला ५ पौंड दंड झाला. काही वर्षांनी, १६६७ मध्ये, पुन्हा तोच आरोप, या वेळी ५० पौंडांचा जातमुचलका. त्याच वर्षी डिसेंबरात दोघांचं लग्न झालं. गव्हर्नरसाहेब शेवटी बापच ठरले.

लग्नानंतर फार लवकर मूल झालं तरी जोडप्याला कोर्टात उभं करत. मेफ्लॉवर केप कॉडच्या बंदरात उभी असतानाच जन्मलेला पेरेग्रीन व्हाइट आणि त्याची बायको सेरा यांच्यावरही ही पाळी आली. अशी नोंद सापडली की बाळाच्या जन्मापासून थोडेच महिने मागे लग्न, हे निघालंच.

पुन्हा लग्न, आणि फार लवकर

प्लिमथच्या पहिल्या लग्नाकडे पुन्हा वळते. सुझॅनाचा नवरा विल्यम व्हाइट १६२१ च्या फेब्रुवारीत गेला, विन्स्लोची बायको २४ मार्चला गेली, आणि १२ मे रोजी दोघांनी लग्न केलं. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. पण त्या हिवाळ्यात जहाजातून आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसं मेली होती. एकट्या माणसाला शेत, चूल आणि तान्हं मूल झेपणारं नव्हतं. म्हणून चाळिशीत मेलेल्या माणसामागे दोन-तीन लग्नं, प्रत्येकाची मुलं आणि सावत्र भावंडं, असा पट गृहीत धरूनच चाला.

बायकांचा माग यामुळे अवघड होतो. आपल्याकडे लग्नात पाटावर तांदळात नवं नाव लिहीत, त्यामुळे सासरी ‘सरस्वती’ झालेली बाई माहेरच्या कागदात ‘चिमी’ असते. तिकडे निदान पाळण्यातलं नाव टिकतं, आडनावं मात्र लग्नागणिक बदलतात. मी प्रत्येक बाईसाठी स्वतंत्र पान करते, वर पाळण्यातलं नाव, आणि खाली सालवार तिची आडनावं. नवऱ्याच्या पानावर तिला कधी ठेवत नाही, नाहीतर तो मेला की तीही हरवते.

न्यू इंग्लंडबाहेर जायचं असेल तर दोन गोष्टी हाताशी असू द्या. न्यूयॉर्कच्या डच चर्चच्या वह्यांत लग्न झालेल्या बायकाही बऱ्याचदा माहेरच्या नावाने येतात, आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा आजीआजोबा, मामा किंवा मावशी निघतात. क्वेकरांच्या लग्नपत्रावर हजर असलेले सगळे सह्या करत. एका लग्नात अख्खं गणगोत हाती लागतं. व्हर्जिनियात मात्र कोर्टकचेऱ्या जळाल्यामुळे कित्येक परगण्यांचं जुनं दप्तरच उरलेलं नाही, तिथे करांच्या याद्या आणि शेजारच्या परगण्यांवर भागवावं लागतं.

समुद्रापलीकडचं माहेर

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायचा हुकूम होता, आणि १५९८ पासून दरवर्षी तिची नक्कल बिशपकडे जायची. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर नक्कल मागा.

टिली कुटुंब बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावचं. तिथल्या वहीत एलिझाबेथचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७ चा आहे, आणि २० सप्टेंबर १५९६ ला जॉन टिलीचं जोन हर्स्टशी लग्न. पण हेन्लोची एलिझाबेथ हीच प्लिमथची, हे कशावरून? नाव जुळलं एवढ्यावर आमच्या कार्यालयात शिपाईसुद्धा दस्त पुढे सरकवणार नाही. इथे तिचं मृत्युपत्र मदतीला येतं. डिसेंबर १६८६ मध्ये तिने स्वतःचं वय ७९ सांगितलंय. ऑगस्ट १६०७ पासून मोजा, पूर्ण ७९. बापाचं नाव ब्रॅडफर्डकडून, वय तिच्या तोंडून, बाप्तिस्मा हेन्लोच्या वहीतून. तीन वेगवेगळी तोंडं एकच गोष्ट सांगतात, आणि ती एकमेकांची नक्कल नाहीत.

हेन्लोतच आणखी एक धडा आहे. जोन हर्स्टचं टिलीआधी एक लग्न झालं होतं, १५९३ मध्ये, थॉमस रॉजर्सशी. आता मेफ्लॉवरवरही एक थॉमस रॉजर्स होता. झालं, कुणीतरी दोघांना एक करून टाकतंच. पण जहाजावरचा रॉजर्स नॉर्थहॅम्पटनशरचा, त्याची बायको ॲलिस कॉसफर्ड. हेन्लोचा रॉजर्स तर जोनने १५९६ मध्ये दुसरं लग्न करण्याआधीच मेलेला. अशा वेळी दोन्ही नावांची दोन पानं करा आणि साल, गाव, बायको, मुलं समोरासमोर लिहा. एकच माणूस एका दिवशी दोन ठिकाणी दिसला की कोडं सुटलं.

माहेर सापडण्याची सर्वात देखणी गोष्ट मेफ्लॉवरचाच प्रवासी रिचर्ड वॉरन याच्या बायकोची. तिचं नाव एलिझाबेथ एवढंच माहीत, आणि कुणीतरी कधीतरी चिकटवलेलं एक खोटं माहेर. मग हर्टफर्डशरमधल्या ग्रेट ॲमवेल गावच्या ऑगस्टीन वॉकरचं १६१३ चं मृत्युपत्र उजेडात आलं. त्यात त्याची मुलगी एलिझाबेथ वॉरन आणि तिच्या तीन मुली, मेरी, ॲन आणि सेरा. प्लिमथच्या वॉरनच्या पहिल्या तीन मुलींचीही हीच नावं. त्याच गावात १४ एप्रिल १६१० ला लग्नाची नोंदही होतीच. एक नाव जुळणं योगायोग असू शकतो. नवरा, बायको आणि तीन मुली अशी पाच नावं जुळणं योगायोग नाही.

मेफ्लॉवरचा आणखी एक प्रवासी स्टीव्हन हॉपकिन्स, त्याचंही असंच. त्याची पहिली बायको कॉन्स्टन्स डडली असं कित्येक वर्षं छापत होते, आधार शून्य. १९९८ मध्ये हॅम्पशरच्या हर्स्ली गावच्या वहीत त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे प्रकाशात आले, आणि आईचं नाव निघालं मेरी. कॉन्स्टन्स ही तर मुलगी होती.

जे आधी हॉलंडला गेले त्यांच्यासाठी लायडन शहराच्या लग्ननोंदी पाहायलाच हव्यात. मूळ गाव, धंदा, आधीचा मेलेला जोडीदार आणि साक्षीदार, एवढं सगळं एका नोंदीत मिळतं. इंग्लंडमधल्या नातेवाइकांची मृत्युपत्रंही सोडू नका. लंडनचा कापडवाला हम्फ्री हाऊलंड याच्या १६४६ च्या मृत्युपत्रात आर्थर, जॉन आणि हेन्री या भावांना रक्कम ठेवलीय, ती न्यू इंग्लंडमधल्या एकाकडून येणे असलेल्या पैशांतून. तीन भावांची गाठ एका उधारीने पक्की झाली.

बनावट माल आणि डीएनए

गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकन घराण्यांना पैसे घेऊन बनावट वंशावळी विकल्या. खऱ्या नोंदींमध्ये एखाददुसरी खोटी मिसळायची, ही त्याची युक्ती. त्या वंशावळी पुढे उतरवल्या गेल्या आणि आजच्या ऑनलाइन वृक्षांत शिरल्या. म्हणून पाचशे वृक्षांवर एकच माहिती दिसली तर ते पाचशे पुरावे नव्हेत. एकाच्या पाचशे नकला आहेत.

डीएनए चाचणीने तीन-चार पिढ्यांपलीकडचं नातं नेमकं सांगता येत नाही, बारा पिढ्यांचं तर सोडाच. वडिलांकडून फक्त मुलग्यांत उतरणारा वाय गुणसूत्राचा धागा आणि आईकडून मुलींमार्गे चालत येणारा मायटोकॉन्ड्रियाचा धागा एवढेच इतक्या दूर जातात. तेसुद्धा ‘ही ओळ त्या ओळीशी विसंगत नाही’ इतकंच सांगतात. किट घ्यायच्या आधी टपालखर्चाच्या पैशांत एखाद्या मृत्युपत्राची प्रत मागवा.

शेवटी वहीत काय लिहायचं

प्रत्येक लग्नासाठी मी एक परिच्छेद लिहिते, तक्ता नाही. कुठे पाहिलं आणि सापडलं नाही, तेही लिहिते. नाहीतर दोन वर्षांनी तीच वही पुन्हा चाळत बसते. विरुद्ध जाणारा पुरावा लपवत नाही. हाऊलंडच्या पानावर दगडाचा मजकूर, साल आणि तो का मानायचा नाही हे सगळं आहे. दगडसुद्धा पुढे बदलला गेला, नव्यावर टिलीचं नाव आहे.

विहीणबाईंना मी हे सगळं मांडून दाखवलं. फ्रेम मात्र त्यांनी काढली नाही, सासऱ्यांची आठवण आहे. तिच्या खाली एक छोटा कागद चिकटवलाय, त्यांच्या अक्षरात: एलिझाबेथ टिली, हेन्लो. शेजारी लग्नाच्या तारखेसाठी जागा होती, तिथे काय लिहू म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ‘१६२४ च्या सुमारास’ लिहा, आणि कंसात रॅगहॉर्न.